हॅमर कोरल उघडत नाही, वाळूवर तपकिरी चिकट थर. टेस्टचे आकडे मात्र ठीक दिसतात

खाजण (धागाकर्ता)

खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकला साडेचार महिने झालेत. सगळी माहिती एकदमच देतो, म्हणजे तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

काच १२० लिटरची. दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण १०० लिटर. १२ किलो कोरडा दगड, अरॅगोनाइट वाळू, सम्प (खालची फिल्टरची टाकी) नाही, मागे टांगायचा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र). ताशी ३००० लिटरचा एक वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप). निळा-पांढरा एलईडी, रोज १० तास. मासे: क्लाउनची जोडी. कोरल: फांद्यांचा हॅमर (दोन हेड, म्हणजे फांद्यांची दोन टोकं), झोआ, ग्रीन स्टार पॉलिप, लहान डंकन.

शनिवार संध्याकाळचे आकडे:
विशिष्ट गुरुत्व १.०२५ (काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर)
तापमान २५.५ ते २६
अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) ९.० डीकेएच (हे तिचं एकक; रविवारी सोडा टाकल्यावर ११.०)
कॅल्शियम ४५५ पीपीएम (दशलक्षात भाग)
मॅग्नेशियम १४४० पीपीएम
नायट्रेट ०, फॉस्फेट ०.००
पीएच सकाळी ७.९, रात्री ८.१

दर रविवारी १५ लिटर पाणी बदलतो. पाणी पिण्याच्या आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ३८. पीएच कमी वाटला म्हणून गेला महिनाभर दर रविवारी ६ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून टाकतो. फॉस्फेटसाठी १०० ग्रॅम जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) पिशवीत ठेवलेलं आहे. याखेरीज पाण्यात काहीही घालत नाही.

दोन आठवड्यांपासून हॅमर अर्धाच उघडतो, झोआ बंद. वाळूवर तपकिरी चिकट थर येतो, त्यात बुडबुडे अडकलेले असतात. सकाळी जवळपास दिसत नाही, दुपारपर्यंत पुन्हा हजर. दोन टर्बो गोगलगायी मेल्या. उजेड कमी पडत असेल म्हणून लाइट ४५ टक्क्यांवरून ७० वर नेला, काही फरक नाही. आता कॅल्शियमचं सप्लिमेंट सुरू करावं का? की थर घालवायला तीन दिवस पूर्ण अंधार करावा?

---

मीठमोज्या

कॅल्शियमला हात लावू नका. आधी खारटपणा नीट मोजा, कारण तुमच्या यादीतला सर्वांत संशयास्पद आकडा १.०२५ हाच आहे.

कारण सांगतो. ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षार) नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम सुमारे १२९० आणि कॅल्शियम सुमारे ४१० पीपीएम असतं. तुम्ही मॅग्नेशियम घालत नाही, तरी ते १४४०. कॅल्शियमही वर. दोन्ही एकाच दिशेने साधारण १० टक्क्यांनी सरकलेत. १४४० भागिले १२९० म्हणजे १.११६, त्याला ३५ ने गुणलं की ३९ येतं. काही सॉल्ट मिक्समध्ये मॅग्नेशियम मुळातच जास्त ठेवलेलं असतं, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण तुमचं पाणी १.०२५ वरून वाटतं तसं ३५ च्या जवळ नसून ३९ पीपीटीच्या आसपास असावं असा माझा अंदाज आहे.

काट्याच्या हायड्रोमीटरचा दोष असा, की काट्यावर क्षार साचले की तो जड होतो आणि आकडा कमी दाखवतो. उलट काट्याला बुडबुडे चिकटले की तो उचलला जातो आणि आकडा जास्त येतो. नवं पाणीही त्याच काट्याने मोजून कालवत असाल, तर चूक दर रविवारी पक्की होत जाते.

रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा मोजणारं उपकरण) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणावर लावा, म्हणजे त्याचा आकडा तिथे जुळवून घ्या. शुद्ध पाण्याने शून्यावर लावायची सवय सगळ्यांना असते, पण बरेचसे स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर मिठाच्या साध्या द्रावणासाठी आखलेले असतात. शून्याला बरोबर असले तरी ३५ जवळ दीडेक पीपीटी चुकतात. जिथे मोजायचं आहे तिथेच लावलं की ती चूक उरत नाही. तयार द्रावण नसेल तर ३.६५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६.३५ ग्रॅम शुद्ध पाणी: याचा अपवर्तनांक ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतका येतो. वजन ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर करा, किंवा दहापट प्रमाणात बनवा.

अवांतर: मराठीत ‘क्षारता’ हा शब्द खारटपणालाही वापरतात आणि अल्कलिनिटीलाही. या धाग्यावर तरी ‘खारटपणा’ आणि ‘अल्कलिनिटी’ असंच म्हणूया, नाहीतर कोणीतरी मीठ समजून सोडा घालायचा.

---

थेंबथेंब

+१. सोड्याबद्दल मात्र वेगळं बोलायला हवं.

खाण्याच्या सोड्याने अल्कलिनिटी वाढते, पीएच नाही. उलट टाकल्या टाकल्या पीएच किंचित खाली येतो. म्हणून महिनाभर घालूनही तुमचा ७.९ तिथेच आहे. हाच सोडा पसरट थाळीत ओव्हनमध्ये साधारण २०० अंशांवर तासभर भाजला की कार्बोनेट होतो आणि मग पीएच चढतो. पण तुम्हाला त्याची गरजच नाही. ७.९ ते ८.१ मध्ये कोरल व्यवस्थित वाढतात. सकाळचा पीएच बहुतेक वेळा खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे खाली असतो. दारं-खिडक्या बंद, आत माणसं झोपलेली. पाणी तीच हवा घेतं. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढून बघा. पीएचच्या आकड्यामागे लागून सोडा ओतणं ही नवशिक्यांच्या टँकमधली सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

आता हिशेब. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तुम्ही ६ ग्रॅम टाकता, म्हणजे एका दमात २ डीकेएच. रविवारी ११, शनिवारी ९, रविवारी पुन्हा ११. ९ चालतो, ११ सुद्धा एखादा टँक चालवतो, पण दर आठवड्याची ही उडी हॅमरसारख्या कोरलला सोसत नाही. शिवाय नायट्रेट-फॉस्फेट शून्य असताना जास्त अल्कलिनिटी आणखी घातक. सांगाडा वाढवायला रसद भरपूर, ऊतीला खायला काही नाही, अशी अवस्था होते आणि टोकं करपतात.

आठवड्याला २ डीकेएच म्हणजे रोज सुमारे ०.२८. तेवढ्यासाठी रोज ०.८५ ग्रॅम सोडा पुरे. तो रोज वजन करत बसू नका. एक लिटर शुद्ध पाण्यात ४२ ग्रॅम विरघळवा. २० मिलीमध्ये ०.८४ ग्रॅम येतो. रोज एका ठरलेल्या वेळी, वेव्हमेकरच्या झोतात, सावकाश. दोन हेडचा हॅमर आणि बाकीची तीन कोरल यांना रोजचा ०.२८ जरा जास्तच वाटतो, म्हणून हीटर आणि पंपाच्या रोटरवर पांढरा खरखरीत थर आहे का ते बघा. असेल तर अल्कलिनिटीचा काही भाग तिथे दगड होऊन बसतोय.

कॅल्शियमचं म्हणाल तर सांगाडा बनताना २.८ डीकेएचमागे २० पीपीएम कॅल्शियम खर्च होतं. तुमच्या २ डीकेएचला आठवड्याला १४. पाणी बदलताना त्यातलं बरंच परत येतं. पुढे कधी घालावं लागलं तर कॅल्शियम आणि सोडा यांच्यात निदान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. एकाच जागी एकापाठोपाठ ओतलं की पाणी दुधासारखं होतं आणि दोन्ही वाया जातं.

किटवर विश्वास नसेल तर १० लिटर शून्य टीडीएसच्या पाण्यात २.४ ग्रॅम सोडा विरघळवा आणि टेस्ट करा. ८ डीकेएच यायला हवा.

---

सूक्ष्मदर्शी

थराबद्दल. नव्या टँकमध्ये तपकिरी काही दिसलं की लोक ‘डायटम (सूक्ष्म शैवाल) आहेत, जातील’ म्हणून सोडून देतात. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात ते बहुतेकदा खरंही असतं. इथे नाही. बुडबुडे अडकलेले, चिकट, रात्री ओसरतो आणि उजेडात परत येतो, गोगलगायी मरतात, वर नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य: हे डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्मजीव) म्हणजे डायनोचं वर्णन आहे. डायटम धुळीसारखे असतात, बोटाने पुसले की उडतात. डायनोचे शेंबडासारखे धागे निघतात.

खात्री अशी करा. थर थोड्या टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, धागे पूर्ण मोडेपर्यंत जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा. खाली आलेलं पाणी लाइटखाली ठेवा. तासाभरात त्यात पुन्हा धागे जमले तर डायनो.

हे झालं कशामुळे? कोरड्या दगडावर जिवाणू आणि शैवालांची गर्दी अजून दाटलेली नाही. त्यात जीएफओने फॉस्फेट संपवलं. नेहमीची शैवाल उपाशी मेली, जागा मोकळी झाली आणि डायनोने बळकावली. कारण ते इतरांना जगता येणार नाही अशा पाण्यातही तग धरतात. तुम्ही पाणी ‘स्वच्छ’ ठेवण्यासाठी जे जे केलंत ते सगळं त्यांच्या पथ्यावर पडलंय.

म्हणून जीएफओ आजच बाहेर. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ च्या पट्ट्यात आणा. माशांना थोडं जास्त खायला घालून हे होतं, पण सावकाश आणि बेभरवशाचं. मोजून घालायचं तर १०० लिटरला नायट्रेट ५ ने वाढवायला ०.६९ ग्रॅम सोडियम नायट्रेट. फॉस्फेटसाठी खाद्य दर्जाचं ट्रायसोडियम फॉस्फेट (पाण्याचे १२ रेणू असलेलं) २ ग्रॅम एक लिटर शुद्ध पाण्यात. त्यातले १० मिली १०० लिटरला ०.०५ पीपीएम देतात. दुसऱ्या दिवशी टेस्ट पुन्हा शून्य दाखवेल, घाबरू नका. कोरडा दगड सुरुवातीला फॉस्फेट शोषत राहतो. रोज टेस्ट, रोज थोडं, आकडा टिकेपर्यंत. फॉस्फेटला कमी पल्ल्याचं डिजिटल मीटर असलेलं बरं. रंग जुळवायच्या किटवर ०.०३ आणि ०.०८ मधला फरक डोळ्यांना कळत नाही.

तीन दिवसांचा अंधार: थर जाईल आणि आठवड्यात परत येईल, कारण मूळ कारण जागेवरच आहे. आधी पोषणद्रव्यं वर आणा. त्यानंतरही हटत नसेल तर मायक्रोस्कोपखाली जात ओळखा, ४०० पट पुरते. एका टोकाला बांधल्यासारखे गोल गोल फिरणारे ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतात, त्यांच्यावर यूव्ही (अतिनील दिव्याजवळून पाणी नेणारं यंत्र) चालतो. वाळूत सरपटणारे मोठे अँफिडिनियम रात्रीही वाळू सोडत नाहीत, तिथे यूव्हीवरचा खर्च फुकट. त्यांच्यासाठी लोक सिलिकेट घालून मुद्दाम डायटम वाढवतात, पण ती पुढची गोष्ट.

थर नळीने ओढून काढा, मात्र ओढलेलं पाणी बारीक फिल्टर सॉकमधून टँकमध्येच परत सोडा.

---

ओहोटी

वरच्या तिघांशी सहमत, एक मुद्दा सोडून. सूक्ष्मदर्शी म्हणतात तसा अंधार निरुपयोगी नाही. पोषणद्रव्यं वर आल्यावर यूव्हीसोबत केला तर उपयोग होतो. पण या हॅमरच्या आजच्या प्रकृतीत नको, हे नक्की.

लाइट ताबडतोब ४५ वर आणा आणि ८ तास करा. खाली आणायला हप्ते लागत नाहीत, वर न्यायला लागतात: आठवड्याला ५ टक्के, त्याहून जास्त नाही. हॅमरला ७५ ते १५० पार (कोरलला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतं, झोआ आणि स्टार पॉलिप त्याहून कमीवरही खूश. बंद कोरलला ‘उजेड कमी पडतोय’ हे निदान दहातल्या नऊ वेळा चुकीचं निघतं. उजेड कमी असेल तर कोरल उलट जास्त पसरतं. फोनवरचं लक्स अॅप निळ्या एलईडीखाली भलतंच काही दाखवतं, त्यावर विसंबू नका.

प्रवाह १०० लिटरला ३० पट आहे, पुरेसा. पण झोत थेट हॅमरवर येतो का ते बघा. शुंडं (टेंटॅकल) डोलायला हवीत, एका बाजूला चोपून बसता कामा नयेत. एकाच बाजूची ऊत मागे सरून सांगाड्याची कड दिसत असेल तर प्रवाह वळवा. सगळीकडून सारखं आक्रसलं असेल तर कारण पाण्यात आहे. एखाद्या हेडवर तपकिरी जेलीसारखा वितळलेला भाग दिसला तर मात्र थांबू नका. नळीने जेली ओढून टाका, ते हेड फांदीच्या खालच्या सांगाड्यातून कापून वेगळं करा आणि उरलेलं आयोडीनच्या कोरल डिपमध्ये बाटलीवर लिहिलं असेल तेवढाच वेळ ठेवा. फांद्यांचा प्रकार आहे म्हणून हे शक्य आहे.

झोआचा दगड घासायचा मोह आवरा. झोआ-पालिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. गरम पाणी, उकळणं, जोरात ब्रश मारणं हे कधीही नाही. वाफेतून आणि तुषारांतून ते फुप्फुसात जातं.

आणि ते ३८ टीडीएसचं पाणी बदला. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असतात. मेंब्रेननंतर डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) कॅनिस्टर लावा. क्रम: ५ मायक्रॉन सेडिमेंट, कार्बन, मेंब्रेन, रेझिन, खनिजं मिसळणारा टप्पा वगळून. मशीन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं मेंब्रेनमधून जास्त टीडीएसचं पाणी येतं. ते रेझिनला न पाठवता सोडून दिलंत तर रेझिन बराच जास्त टिकतो. शेवटी ० हवा. १ दिसायला लागला की रेझिन बदला.

---

खाजण

सर्वांचे आभार. रिफ्रॅक्टोमीटर मिठाच्या द्रावणावर लावून तीनदा मोजलं: ३९. हायड्रोमीटरच्या काट्यावर खरंच पांढरट पापुद्रा होता. हीटरवरही थर आहे. कॉफी फिल्टरची चाचणी केली, ४० मिनिटांत धागे परत जमले. जीएफओ काढलं, लाइट ४५ वर. रेझिन लावलं, टीडीएस ०.

३९ वरून ३५ वर किती वेगाने येऊ? आणि तोवर रविवारचं पाणी बदलायचं का?

---

मीठमोज्या

दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त नको. रोज टँकमधलं २ लिटर पाणी काढा आणि तेवढंच गोडं घाला. बाष्पीभवनाची भर वेगळी, ती नेहमीसारखी. १०० लिटरमध्ये हे असं जातं: ३९, ३८.२, ३७.५, ३६.७, ३६, ३५.३. पाच दिवस. गोडं पाणी वेव्हमेकरच्या झोतात बारीक धारेने सोडा, कोरलवर नाही. सहाव्या दिवशी मोजून थांबा.

या काळात पाणी बदलू नका, नंतरही डायनो हटेपर्यंत टाळा. आत्ताच घातलेलं नायट्रेट-फॉस्फेट बाहेर जाईल. पुन्हा सुरू कराल तेव्हा १५ लिटरला अंदाजे ५६० ग्रॅम मीठ धरा. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी नाही. घट्ट गाळात कॅल्शियम कार्बोनेट बसून जातं आणि मग कितीही ढवळलं तरी विरघळत नाही. पोतं ओलावा धरतं, म्हणून वजन फक्त सुरुवातीला, निर्णय रिफ्रॅक्टोमीटरचा. पाणी टँकच्या तापमानाला आणून मगच ओता.

---

थेंबथेंब

इथे एक खाच आहे. खारटपणा १० टक्के उतरला की बाकीचं सगळं १० टक्के उतरतं. अल्कलिनिटी ९ ची ८.१ होईल, कॅल्शियम ४०८, मॅग्नेशियम १२९०. हे आपोआपच हवं तिथे येतंय, त्यामुळे ‘अल्कलिनिटी पडली’ म्हणून जादा सोडा ओतू नका. पण रोजचा २० मिली पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, नाहीतर रोजचा खप आणि पातळ होणं मिळून पाच दिवसांत पावणेसातच्या आसपास पोचाल.

नंतर एक दिवसाआड, एकाच वेळी टेस्ट. ८ ते ८.५ मध्ये कुठेही स्थिर राहिला तर हात लावू नका. चढत असेल तर १५ मिली, उतरत असेल तर २५. बदल केल्यावर किमान चार दिवस थांबून मगच पुढचा निर्णय. हीटरचा थर काढायला बटण बंद करा, पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा.

---

खाजण

शेवटचे दोन प्रश्न. यूव्ही किती वॅटचा? आणि रोज हाताने पाणी भरण्याऐवजी ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारा पंप) घ्यावा का? संध्याकाळपर्यंत दोनेक लिटर उडतं.

---

सूक्ष्मदर्शी

डायनोसाठी प्रचलित हिशेब साधारण ११ लिटरमागे १ वॅट. तुम्हाला ९ ते ११ वॅट. पाणी थेट टँकमधून ओढून टँकमध्येच सोडा, प्रवाह कमी ठेवा. रात्री तर चालू हवाच. पण आधी मायक्रोस्कोप. जात ओळखल्याशिवाय विकत घेऊ नका.

---

ओहोटी

घ्या. २ लिटर म्हणजे १०० लिटरचे २ टक्के. सकाळी ३५ असलेलं पाणी रात्री ३५.७ होतं आणि मग एकदम खाली. टॉप-अप ही चढउतार मोडतो. मात्र सेन्सर अडकून पंप चालूच राहू शकतो, म्हणून टाकी लहान ठेवा. १० लिटरची अख्खी टाकी रिकामी झाली तरी ३५ चं ३१.८ होईल, कोरल रुसतील, पण बहुधा वाचतील. ४० लिटरचा ड्रम जोडलात तर वाचणार नाहीत. काचेत वर तेवढी रिकामी जागा आहे का तेही बघा, नाहीतर फरशी पुसावी लागेल. नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर टांगा; बुडवलं तर पंप बंद झाल्यावर उलटा सायफन लागतो आणि टँकचं खारं पाणी टाकीत उतरतं. सेन्सरवर गोगलगाय बसते, त्याला जाळीचं झाकण करा.

नवं कोरल मात्र अल्कलिनिटी आणि फॉस्फेट सलग महिनाभर जागेवर राहिल्याशिवाय नको. घ्याल तेव्हा टँकमध्ये वाढवलेले फ्रॅग (कापून वाढवलेले कोरलचे लहान तुकडे) घ्या. कठीण सांगाड्याची कोरल साइट्सच्या (वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळे आपापल्या देशाचा कायदा आणि कागदपत्रं आधी बघा. आणि हॅमरपासून १५ सेंटिमीटर जागा चहूबाजूंनी मोकळी सोडा. आत्ता तो आक्रसलेला आहे म्हणून जागा भरपूर दिसतेय. पूर्ण उघडला की शुंडं रात्री बरीच लांब जातात आणि झोआला भाजतात.